वेबपेजवर ‘मागे जा’ ही लिंक ब्राउझरच्या बॅक बटणासारखी कशी चालवावी

समजा, नागपुरात इतवारीतल्या एका साडीच्या दुकानाची वेबसाईट तुम्ही सांभाळता. धरमपेठेतली एखादी ताई मोबाईलवर यादी सरकवत पार खालपर्यंत जाते, एक साडी उघडून काठ-पदर बघते आणि ‘मागे जा’वर बोट ठेवते. यादी पुन्हा पहिल्या साडीपासून सुरू! एवढं सगळं परत कोण सरकवणार?

असं होतं, कारण त्या लिंकला यादीचा पत्ता दिलेला असतो. ब्राउझरच्या लेखी ते मागे जाणं नसतंच. यादी नव्याने उघडते आणि हिस्टरीत, म्हणजे उघडलेल्या पानांच्या यादीत, आणखी एक नोंद पडते. वर फोनचं बॅक दाबलं की पुन्हा तीच साडी समोर. ग्राहक गोल गोल फिरत राहतो.

उपाय जावास्क्रिप्टच्या एका ओळीत आहे: हिस्टरी.बॅक(). कंस रिकामाच ठेवायचा. हिस्टरी.गो(-1) लिहिलं तरी काम तेच. इथे कोड देवनागरीत दिला आहे, टाईप मात्र इंग्रजी अक्षरांतच करायचा.

ही ओळ बरेच जण थेट लिंकच्या एचरेफमध्ये (लिंकचा पत्ता लिहायच्या जागेत), जावास्क्रिप्ट हा शब्द आणि विसर्गासारखी दोन टिंबं लावून टाकतात. तसं करू नका. जावास्क्रिप्ट बंद असेल किंवा सर्व्हरचे सुरक्षा नियम कडक असतील, तर ती लिंक मुकी होते. एचरेफमध्ये यादीचा खरा पत्ताच राहू द्या आणि क्लिकचं काम स्क्रिप्टकडे सोपवा.

आता मुख्य अडचण. त्या ताईने साडीची लिंक व्हॉट्सॲपवर बहिणीला पाठवली, तर बहिणीच्या ब्राउझरमध्ये तुमची यादी कधी उघडलेलीच नसते. मग मागे जाणार कुठे? म्हणून क्लिक झाल्यावर आधी दोन गोष्टी तपासा.

एक, हिस्टरी.लेंग्थ, म्हणजे त्या टॅबच्या हिस्टरीतल्या नोंदींची संख्या, 1 पेक्षा जास्त आहे का. दोन, डॉक्युमेंट.रेफरर, म्हणजे ग्राहक ज्या पानावरून आला त्याचा पत्ता, तुमच्याच वेबसाईटचा आहे का. त्यासाठी तो लोकेशन.ओरिजिन (तुमच्या वेबसाईटचा मूळ पत्ता) आणि त्यापुढे एक तिरपी रेघ यांनी सुरू होतो का, ते बघा. रेघ विसरू नका, नाहीतर तुमच्या नावाने सुरू होणारा भलताच पत्ताही पास होईल. दोन्ही तपासण्या हव्यातच: यादीतून साडी नव्या टॅबमध्ये उघडली, तर रेफरर तुमचाच असतो, पण त्या टॅबला मागचं पानच नसतं.

दोन्ही उत्तरं ‘हो’ आली, तरच इव्हेंट.प्रिव्हेंटडिफॉल्ट() लिहून लिंकचं नेहमीचं काम थांबवा आणि पुढच्या ओळीत हिस्टरी.बॅक() द्या. प्रिव्हेंटडिफॉल्ट सलग लिहायचं, त्यातला डी तेवढा कॅपिटल. उत्तर ‘नाही’ असेल तर काहीच करू नका. लिंक आपली सरळ यादीवर नेईल.

लिंकवर ‘सर्व साड्या’ असं लिहिणार असाल, तर हा खटाटोप नकोच. तिथे साधी लिंकच योग्य, कारण एका साडीवरून दुसरीवर गेलेल्या ग्राहकाला हिस्टरी.बॅक() यादीवर नाही, आधीच्या साडीवर नेईल.

एवढं करूनही यादी वरूनच सुरू होत असेल, तर सर्व्हर ‘नो-स्टोअर’ (पान साठवू नका) ही सूचना पाठवतो का आणि पानात अनलोड इव्हेंट (पान सोडताना कोड चालवणारा) वापरलाय का, ते तपासा. ब्राउझर आधीचं पान मेमरीत जसंच्या तसं ठेवू शकतो. या दोन गोष्टी त्यात अनेकदा आड येतात. सरकवू तशा साड्या लोड होणाऱ्या यादीत हा फरक लगेच जाणवतो.

शेवटी फोन हातात घेऊन चाचणी करा. यादीत बरंच खाली जाऊन साडी उघडा आणि मागे या: तीच ओळ दिसली पाहिजे. मग साडीचा पत्ता नव्या टॅबमध्ये पेस्ट करून लिंक दाबा: यादी उघडली पाहिजे. जावास्क्रिप्ट बंद करूनही एकदा बघा, तेव्हाही यादीच यायला हवी.