मूव्हिंग हेडचे इफेक्ट प्रोग्रॅम करताय? या चुका टाळा

गोव्यात जत्रांचा मोसम आला की देवळाच्या मंडपातल्या नाटकांनाही आता पारच्या (स्थिर झोताच्या साध्या दिव्यांच्या) जोडीला चार-आठ शार्पी, म्हणजे मोटरवर फिरणारे अरुंद झोताचे मूव्हिंग हेड दिवे, लागतात. कन्सोलवर, म्हणजे दिवे चालवायच्या बोर्डावर, तयार इफेक्टची (ठरावीक हालचालींची) यादी असतेच. बटण दाबलं की हेड फिरायला लागतात आणि नव्या मुलांना वाटतं, प्रोग्रॅमिंग झालं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे इफेक्ट सुरू करायचा, पण तो थांबवणारा क्यू (कन्सोलवर साठवलेला प्रकाशाचा एक टप्पा) रेकॉर्डच करायचा नाही. नाटकासाठी वापरले जाणारे बरेच कन्सोल ट्रॅकिंगवर चालतात. एखाद्या क्यूमध्ये दिलेली व्हॅल्यू पुढे कुणी बदलली नाही, तर ती तशीच पुढच्या क्यूंमध्ये वाहत जाते. इफेक्टचंही तेच. डिमर (दिव्याची तीव्रता) शून्यावर नेला की झोत दिसेनासा होतो, पण हेड अंधारात फिरतच असतं.

फोंडा तालुक्यातल्या एका जत्रेत नमनाला सर्कल (झोत गोल फिरवणारा इफेक्ट) लावला होता. नमन संपलं, डिमर खाली आला, कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या अंकात आई मुलाचं पत्र वाचते, तिथे दोन हेडचा स्थिर पांढरा झोत हवा होता. झोत आला तो तिच्या चेहऱ्यावरून सरकत पडद्यावर, तिथून पेटीवाल्यावर आणि परत चेहऱ्यावर. कन्सोलवरच्या मुलाने घाबरून ग्रँड मास्टर (सगळ्या दिव्यांचा उजेड एकत्र कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढला. त्याने उजेड कमी होतो, हालचाल थांबत नाही. वर केला, तर झोत फिरतोच आहे. “काका, पोझिशन बरोबर दिलीय हो!” पोझिशन खरंच बरोबर होती. तिच्याभोवती जुना सर्कल चालू होता. शेवटी शार्पी विझवून समोरचे पार वर घेतले. त्या बाईंनी वाचन क्षणभरही थांबवलं नाही.

माझी सवय सांगतो. इफेक्टचा क्यू रेकॉर्ड झाला की चहाला उठण्याआधी त्याचा ‘इफेक्ट बंद’ क्यू रेकॉर्ड करायचा. मग नाटकाच्या मधल्याच एखाद्या क्यूवर उडी मारून बघायचं. 

रेकॉर्ड केल्यावर क्लिअर दाबा. प्रोग्रॅमरमध्ये (क्यू बनवताना दिलेल्या व्हॅल्यू तात्पुरत्या जिथे असतात तिथे) राहिलेली व्हॅल्यू प्लेबॅकवर, म्हणजे चालू असलेल्या क्यूंवर, कुरघोडी करते आणि तुम्ही उगाच क्यूमध्ये दोष शोधत बसता.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे पोझिशन पॅलेटशिवाय (म्हणजे नाव देऊन वेगळी न साठवता) थेट क्यूमध्ये भरणं. आज गावचा मंडप, उद्या मडगावचं रवींद्र भवन. ट्रसची (दिवे टांगायच्या सांगाड्याची) उंची बदलली की सगळे झोत चुकतात. ‘मध्य’, ‘डावी विंग’, ‘सिंहासन’ अशी पॅलेट करून क्यू आणि इफेक्ट त्यांच्यावर बांधले असतील, तर नव्या जागी फक्त पॅलेट अपडेट करायची. पॅलेट करायला अर्धा तास जातो म्हणून ती टाळणारा दुसऱ्या गावी शंभर क्यू दुरुस्त करतो. हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही.

आठ हेडना फेज (इफेक्टमध्ये कुठलं हेड किती मागे-पुढे, ते अंशांत) 0 ते 360 दिला आणि पहिलं-शेवटचं एकत्रच हलतंय? 0 आणि 360 एकच. 0 ते 315 द्या. काही कन्सोल हे आपणहून सांभाळतात. हेड निवडण्याचा क्रमही तपासा, लाट त्याच क्रमाने जाते.

संथ हालचाल धक्के खात असेल तर हेड 8 बिट मोडवर आहे का बघा. 540 अंशांचा पॅन (हेडचं आडवं फिरणं) 256 पायऱ्यांत वाटला की एक पायरी दोन अंशांहून मोठी होते. 12 मीटरवर झोत सुमारे 44 सेंटिमीटर उडी मारतो. 16 बिट घ्या.

मंडपात लहान मुलं, म्हातारी माणसं बसलेली असतात. स्ट्रोब (भराभर लुकलुकणारा उजेड) एखाद-दोन सेकंदच.

आणि इफेक्ट मधूनच थरथरत असेल, तर आधी केबल बघा. डीएमएक्सच्या (कन्सोलचा सिग्नल दिव्यांपर्यंत नेणाऱ्या) केबलच्या जागी माइकची केबल ओढलेली असते किंवा शेवटच्या हेडला 120 ओहमचा टर्मिनेटर (सिग्नल टोकावरून परत फिरू नये म्हणून लावायचा रेझिस्टर) नसतो. तो लावून बघितल्याशिवाय एकाही क्यूला हात लावू नका.