लाँगआर्मवर गोलाईत खाली दोरा फुगायचा, तो असा बसवला – माझा अनुभव

लातूरला गटाच्या शेडमध्ये लाँगआर्म, म्हणजे गोधडी शिवायचं मोठं मशीन, आल्यापासून मी शिकायलेय, घरच्या मशीनवर कापड सरकवायचं आणि इथं कापड रोलरवर ताणलेलं, आपण हँडल धरून मशीनच फिरवायची, हाताला सवय लागायला वेळ लागतोच. सरळ टाके छान यायचे, पण वेल काढताना वळणावर गोधडीच्या उलट्या बाजूला दोऱ्याचे लूप दिसायचे. खाली दिसतंय म्हणून सगळे बॉबिनचाच (खालच्या दोऱ्याच्या रिळाचा) स्क्रू फिरवायला सांगतात, पण खाली लूप म्हणजे बहुतेक वेळा वरचा दोरा ढिला असतो.

आधी बॉबिन केस, म्हणजे बॉबिनची डबी, काढून तिच्या दोरा दाबणाऱ्या पत्तीखालचा कापसाचा भुगा साफ केला. मग केस दोऱ्याला धरून लटकवली, हलका झटका दिला की थोडी खाली येऊन थांबली पाहिजे, धाडकन पडली तर ढिली. ती बरोबर होती, म्हणून वरच्या दोऱ्याचं टेन्शन (ताण) थोडं थोडं वाढवत गेले, दर वेळी कडेच्या चिंध्यांवर बघून. आमच्या गोधडीत जुन्या सुती लुगड्यांचे थर असतात, सुई वाकून टाका सुटतो, म्हणून 16 ऐवजी 18 नंबरची सुई लावली. आणि कापड ढोलकीसारखं ताणायचं नाही, खालून बोट दाबलं तर वर उठलं पाहिजे. याचा फरक लईच पडला.

वळणावर हात सावकाश ठेवायचा, तिथंच आपण नकळत पळवतो. आता डिझाईन आधी पाटीवर, खडू न उचलता, गिरवते आणि मगच मशीनला हात लावते.