लाल पेन खाली ठेवून वाचायचं कसं

२८ वर्षं मी मुद्रितशोधन केलं. लोकांना वाटायचं, हिची मजा आहे, वाचायचे पैसे मिळतात! खरं तर त्या काळात मी स्वतःसाठी जवळजवळ काहीच वाचलं नाही. रात्री हौसेने कादंबरी उघडली तरी हात लाल पेन शोधायचा. नायिका शेवटच्या घटका मोजत असायची आणि माझं लक्ष 'दिन'च्या जागी 'दीन' पडलंय याकडे. पुन्हा सुखाने वाचू लागायला बराच काळ गेला. त्यात जे हाती लागलं ते लिहिते. तुम्ही प्रुफं तपासत नसाल, पण 'यातून शिकण्यासारखं काय', 'या वर्षी किती पुस्तकं झाली', 'हे अजून वाचलं नाही म्हणजे लाजच' असलं एखादं पेन बहुतेकांच्या हातात असतंच.

आधी डोळे. ओळीवरून नजर सरळ घरंगळत जात नाही. ती उडी मारते, क्षणभर टेकते, पुन्हा उडी मारते. फ्रेंच नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं होतं. बारके शब्द तर नजर ओलांडूनच जाते. म्हणून ओळीच्या शेवटी एक 'आणि' आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला दुसरा 'आणि' छापला गेला, तर तो भल्याभल्यांना दिसत नाही. माझ्या धंद्यात ही उडीच मोडावी लागायची. ओळीखाली पट्टी धरायची, अक्षर न् अक्षर टिपायचं. फारच संशय आला तर शेवटच्या शब्दाकडून उलटं वाचत यायचं. असं वाचलं की चुका सापडतात, गोष्ट हरवते. तेव्हा सुखासाठी वाचताना नजरेला उड्या मारू द्या. पानभर डोंगरदऱ्यांचं वर्णन आलं आणि कंटाळा आला तर ओलांडा. वाटलं तर मागे या, पुस्तक कुठे पळून जात नाही.

किती वाचायचं, हा पुढचा प्रश्न. 'रोज अर्धा तास' असले नेम मी तीन-चारदा धरले आणि दर वेळी आठवड्याच्या आत मोडले. शेवटी छापखान्यातलं माप कामी आलं, फर्मा. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून तीनदा दुमडला की ८ पानं, म्हणजे १६ पृष्ठं होतात. तो एक फर्मा. शिवलेल्या बांधणीचं पुस्तक घ्या, मिटलेलं, आणि पाठीच्या वरच्या टोकाकडे बघा. पानांच्या छोट्या छोट्या घड्या शेजारी शेजारी बसवलेल्या दिसतील. एखादी घडी बरोबर मधोमध उघडली की शिलाईचा दोरा दिसतो. मी दोऱ्यापासून दोऱ्यापर्यंत वाचते. १९२ पृष्ठांची कादंबरी म्हणजे १२ फर्मे. आकडाच कसा आटोक्यातला वाटतो! (नुसत्या डिंकाने चिकटवलेल्या पुस्तकांत दोरा नसतो. तिथे १६ पृष्ठं मोजून चिठ्ठी घाला.)

दोऱ्याला प्रकरण कळत नाही. तो ऐन भांडणात येतो, अर्ध्या वाक्यात येतो. आणि तिथेच थांबायचं. प्रकरण संपवून मिटलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी उघडायचा आळस येतो. अर्ध्या वाक्यावर सोडलेलं मात्र दिवसभर मागे लागतं.

नवं पुस्तक पकड घेत नसेल तर मी त्याला दोन फर्मे देते. मग मिटते, आणि वाईट वाटून घेत नाही. भिडेपोटी पूर्ण केलेल्या पुस्तकांनी माझं वाचन जितकं अडवलं तितकं नोकरीनेही अडवलं नाही. कवितेला हा हिशेब लावू नका. एक कविता वाचून पुस्तक चार दिवस पालथं पडलं तरी चालतं.

जागेचं थोडक्यात सांगते. कपाटातलं पुस्तक कपाटातच राहतं. मी फोन जिथे ठेवायचे तिथे पुस्तक ठेवलं आणि फोन आतल्या खोलीत नेला. हात सवयीने तिथेच जातो, लागतं मात्र पुस्तक. दिवा खांद्यामागून येऊ द्या, म्हणजे पानावर चकाकी येत नाही. चाळिशी लागली असेल तर ती लावा. अक्षर धूसर दिसायला लागलं की माणसाला वाटतं, आपल्याला वाचनाचाच कंटाळा आलाय. पडद्यावर वाचत असाल तर टाइप बिनदिक्कत मोठा करा. झोप येत नसेल त्या रात्री नवं काही उघडू नका. शेवट ठाऊक असलेलं जुनं पुस्तक कुठूनही उघडा.

आणि मोठ्याने वाचून बघा, कोणासाठी तरी. आईची नजर अधू झाल्यावर मी तिला वाचून दाखवू लागले. पहिल्याच संध्याकाळी 'सूत कातलं'च्या ऐवजी 'सुत कातलं' आलं. मी थांबले. म्हटलं, "अगं, इथे धाग्याऐवजी मुलगाच कातलाय."

"मला तो उकार ऐकूच आला नाही," ती म्हणाली. "पुढे काय झालं?"

मोठ्याने वाचताना पात्रांचे आवाज काढायच्या भानगडीत पडू नका. स्वल्पविरामाला श्वास घ्या, पूर्णविरामाला जरा जास्त थांबा, एवढं पुरतं. ऐकणाऱ्याला डुलकी लागली तर उठवू नका. आई 'हं, हं' करत ऐकते आणि कधीतरी तो हुंकार थांबतो. मग मी आवाज बंद करते आणि दोऱ्यापर्यंत एकटीच वाचते. दुसऱ्या संध्याकाळी मात्र मागे यावं लागतं, तिच्या शेवटच्या 'हं'पर्यंत.