एक्सेलचा पहिला मॅक्रो: रेकॉर्ड कराच, पण शेवटची ओळ तुम्ही शोधा

एक्सेलमधलं रोजचं तेच ते काम आपोआप व्हावं असं कुणी म्हटलं की दहा जण सांगतात, “आधी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका.” नका ऐकू. ज्या माणसाला महिन्यातून एकदा सोसायटीच्या मेंटेनन्सच्या जमा नोंदी फ्लॅटनुसार लावून बेरजा काढायच्या आहेत, त्याला एक्सेलमधलाच मॅक्रो, म्हणजे एकदा नोंदवलेलं काम पुन्हा आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, पुरतो. त्याची व्हीबीए ही भाषा १९९३ पासून एक्सेलमध्ये आहे, त्यामुळे तुम्ही अडाल तिथे आधी कुणीतरी अडलेलं असतंच.

रिबनवर, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीवर, राइट क्लिक करून डेव्हलपर टॅब चालू करा. फाइल ‘मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक’ म्हणून सेव्ह करा. साध्या प्रकारात सेव्ह केली तर मॅक्रो जातो. कच्च्या नोंदींच्या शीटला नाव मात्र इंग्रजी अक्षरांत द्या. मराठी नाव शीटवर छान दिसतं, पण कोडच्या खिडकीत त्याची प्रश्नचिन्हं होतात आणि मॅक्रो ‘अशी शीटच नाही’ म्हणून थांबतो.

आता दुसऱ्या कुठल्यातरी शीटवर जा, ‘रेकॉर्ड मॅक्रो’ दाबा, मग कच्च्या शीटवर क्लिक करा आणि नेहमीचं काम हाताने करा. झालं की ‘स्टॉप’. दुसऱ्या शीटवरून सुरुवात अशासाठी, की ‘आधी त्या शीटवर जा’ ही सूचनाही रेकॉर्ड होते.

बहुतेक लोक इथेच थांबतात. मीही थांबलो होतो.

पहिल्या महिन्यात माझ्या नोंदी १४३ व्या ओळीपर्यंत होत्या. दुसऱ्या महिन्यात त्या १७१ व्या ओळीपर्यंत गेल्या. मॅक्रो बिनतक्रार चालला, एररही नाही. पण रेकॉर्डरने ‘ए२ ते एच१४३’ हा पत्ता शब्दशः लिहून ठेवला होता, त्यामुळे खालच्या २८ नोंदी बेरजेत आल्याच नाहीत. महिनाअखेरीस पैसे भरलेल्या एका सभासदाच्या दारावर मी थकबाकीची सूचना नेऊन दिली. पुढची सर्वसाधारण सभा कशी गेली ते विचारू नका.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘युज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ चालू करा. त्याने हा प्रश्न सुटत नाही. मोजणी कर्सर असेल तिथून सुरू होते, एवढंच. कर्सर भलतीकडे असला तर मॅक्रो भलत्याच ओळींवर चालतो. दुसरा सल्ला, कंट्रोल दाबून खालचा बाण. तो पहिल्या रिकाम्या सेलपाशी अडतो, आणि आपल्या नोंदींत रिकामे सेल असतातच.

खरा उपाय उलट दिशेने आहे: शीटच्या तळाशी, म्हणजे १०,४८,५७६ व्या ओळीवर जायचं आणि तिथून वर येत पहिली भरलेली ओळ पकडायची. ऑल्ट आणि एफ११ दाबून कोड उघडा. ज्या ओळीत १४३ पहिल्यांदा दिसतं तिच्या वर, पण कच्च्या शीटवर जाण्याच्या सूचनेच्या खाली, दोन ओळी घाला. इथे उच्चार देतोय, टाइप इंग्रजीत करा:

डिम लास्टरो ॲज लाँग
लास्टरो = सेल्स(रोज.काउंट, "ए").एंड(एक्सएलअप).रो

‘एक्सएलअप’मधलं दुसरं अक्षर एल आहे, एक हा आकडा नव्हे. या एका अक्षरापायी माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. ‘लाँग’च्या जागी ‘इंटिजर’ हा पूर्णांकाचा छोटा प्रकार लिहू नका, तो ३२,७६७ वर संपतो. सोसायटीला तेवढ्या ओळी लागायच्या नाहीत, पण सवय वाईट. आणि ‘ए’ स्तंभ घेतला कारण तिथे तारीख आहे, ती प्रत्येक नोंदीला असतेच. शेरा किंवा चेक नंबराचा स्तंभ घेतलात तर पुन्हा तोच घोटाळा.

मग कोडमधलं प्रत्येक १४३ शोधा. "ए२:एच१४३" च्या जागी "ए२:एच" & लास्टरो असं लिहा; & च्या दोन्ही बाजूंना जागा सोडा. नोंदी क्रमाने लावण्याच्या भागात हा आकडा दोनदा येतो, एकदा कोणत्या स्तंभाप्रमाणे लावायचं ते सांगताना आणि एकदा पूर्ण तक्त्यासाठी. दोन्हीकडे बदला.

चालवण्याआधी फाइलची प्रत काढा. मॅक्रो चालल्यावर अनडू चालत नाही, कंट्रोल-झेड कितीही बडवा. पहिल्यांदा एफ८ दाबत एकेक ओळ चालवा आणि शीटवर काय होतंय ते बघत राहा.

शेवटी कच्च्या शीटची एकूण रक्कम आणि तयार तक्त्याची एकूण रक्कम शेजारी शेजारी मांडून वजाबाकीचा एक सेल ठेवा. तिथे शून्य दिसल्याशिवाय मी आता कुणाच्या दारावर कागद नेत नाही.