जुन्या नटीची कारकीर्द कशी शोधून काढायची

शंभर वर्षांपूर्वी रंगभूमी गाजवलेल्या एखाद्या बाईंवर लिहायला घेतलंत, तर गौरवलेख सगळ्यात शेवटी वाचा. आधी जुन्या वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती पाहा. गौरवलेखात बाई कोणाची तरी आई, कोणाची तरी आजी होऊन बसते, आणि याचा मला फार राग येतो.

कमलाबाई गोखल्यांचंच घ्या. जन्म १९००चा, माहेरच्या कामत. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात त्या मोहिनी झाल्या, आई दुर्गाबाई पार्वती. पुढे लेख थेट मुलगा चंद्रकांत आणि नातू विक्रम यांच्यावर उडी मारतात. मधली कितीतरी वर्षं बाई नाटकं करत होत्या, पुरुषांच्या भूमिकासुद्धा! ती वर्षं कोण लिहिणार?

वहीत रकाने आखा: साल, कंपनी, नाटक, भूमिका, गाव आणि ही माहिती कुठे मिळाली. शेवटचा रकाना कधीच कोरा ठेवू नका. बाईंची सगळी नावं लिहून ठेवा, माहेरची, सासरची, बदललेली. गायिका-नटी हिराबाई बडोदेकरांना वडील अब्दुल करीम खाँ यांच्या नावाने शोधाल तर हाती काही लागणार नाही. कंपनीच्या नावानेही शोधा. कमलाबाईंसाठी ‘चित्ताकर्षक’ या नाटक कंपनीचं नाव डोक्यात हवंच.

मग पुण्याच्या नारायण पेठेत जा. केसरीवाड्यात ‘केसरी’चे जुने अंक, आणि त्याच पेठेत पुणे मराठी ग्रंथालय. पिवळं पडलेलं पान घडीवर तुटतं. वरचा कोपरा हलकेच उचला, खाली तळहात द्या आणि मग उलटा. बोटाला थुंकी तर मुळीच लावू नका. जाहिरात म्हणजे प्रयोग झालाच असं नाही, म्हणून पुढच्या अंकांत अभिप्राय आलाय का तेही बघा.

रीना मोहन यांनी कमलाबाईंवर केलेला माहितीपट मिळाला तर जरूर बघा. म्हातारपणीचा त्यांचा ठसका ऐकला की तुमची भाषा आपोआप सुधारेल. सालं मात्र वहीशी ताडून घ्या.

घरच्यांकडे जाल ते वही भरल्यावरच. तारखा विचारून वयस्कर माणसांना शिणवू नका, फोटो मागा. प्रत्येक फोटो उलटा करून मागची बाजूही टिपा. तिथे स्टुडिओचा शिक्का असला, तर गावाचा एखादा रिकामा रकाना भरण्याचा धागा मिळतो.