बारा शब्दांचा कागद गेला? वॉलेट परत कसं मिळवावं

गोव्यात कागद टिकत नाही. जूनपासून कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, तिथे वहीच्या पानावर जेलपेनाने लिहिलेल्या बारा शब्दांचं काय होणार? हे शब्द म्हणजे बिटकॉइनसारखी क्रिप्टो नाणी ठेवलेलं वॉलेट परत उघडायची किल्ली. फोंड्याला माझ्याकडे वॉलेट घेऊन येणाऱ्यांची गोष्ट बहुतेक वेळा तीच असते. कागद भिजला, नाहीतर चवथीच्या आधीच्या साफसफाईत रद्दीत गेला. आणि येण्याआधी कुणाचं तरी ऐकून अर्धं काम बिघडवलेलं असतं. तसं होऊ नये म्हणून हे सगळं सांगतो.

तुमची नाणी एक्स्चेंजच्या, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीच्या, खात्यात असतील तर पुढचं वाचायची गरजच नाही. तिथे बारा शब्द नसतातच. पासवर्ड बदला, ओळखपत्र दाखवा, खातं परत मिळतं. हा लेख ज्यांनी स्वतःचं वॉलेट ठेवलं आहे त्यांच्यासाठी आहे.

पहिला प्रश्न: वॉलेट अजून कुठे उघडतंय का? जुन्या फोनवर, घरच्या लॅपटॉपवर, कुठेही? पिन किंवा पासवर्ड चालत असेल तर कागद शोधण्यात दिवस घालवू नका. नवीन वॉलेट बनवा, त्याचे शब्द लिहून घ्या आणि सगळी नाणी तिकडे पाठवा. इथेरियमवरची टोकनं हलवायची असतील तर शुल्कापुरतं थोडं इथर (इथेरियमचं नाणं) जुन्या पत्त्यावर, म्हणजे नाणी ज्यावर येतात त्या अक्षर-आकड्यांच्या खूणक्रमांकावर, असावं लागतं. बरीच ॲप सेटिंगमधल्या सुरक्षेच्या पानावर पासवर्ड विचारून जुने शब्द पुन्हा दाखवतातही. लेजर किंवा ट्रेझरसारखं, किल्ली आत ठेवणारं छोटं यंत्र असेल तर पिन आठवत असेल तरच हात लावा. लेजर तीन चुकीच्या पिननंतर स्वतःला पुसून टाकतं, ट्रेझर सोळानंतर. अंदाजाने बटणं दाबत बसू नका.

दुसरी गोष्ट मी अगदी हात जोडून सांगतो. ॲप काढून परत टाकू नका. फोन रीसेट करू नका. ब्राउझरची साफसफाई करू नका. ‘एकदा अनइन्स्टॉल करून बघा’ हा सल्ला देणाऱ्याला वॉलेट म्हणजे काय तेच माहीत नसतं. तुमची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर नसते, ती कुलूपबंद होऊन त्याच फोनमध्ये, त्याच लॅपटॉपमध्ये पडलेली असते. ॲप काढलं की ती गेली. मेटामास्क हे वॉलेट ब्राउझरमध्ये असेल तर क्रोमच्या प्रोफाइलमध्ये ‘लोकल एक्स्टेंशन सेटिंग्ज’ नावाचा फोल्डर असतो. मेटामास्कच्या फोल्डरमधल्या एलडीबी आणि लॉग फाइलींमध्ये तुमची तिजोरी, म्हणजे व्हॉल्ट असतो. पेनड्राइव्हवर तिची प्रत काढा, मगच पुढचं. पासवर्ड आठवत असेल तर मेटामास्कनेच दिलेल्या व्हॉल्ट डिक्रिप्टरने, नेट बंद ठेवून, शब्द परत मिळतात. बंद पडलेल्या लॅपटॉपची हार्डडिस्क काढूनही हे करता येतं, म्हणून जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका. एक लक्षात ठेवा: वेगळी किल्ली टाकून बाहेरून आणलेली खाती या शब्दांतून परत येत नाहीत.

आता खरं अवघड काम. यंत्र गेलं आहे, हातात आहे तो अर्धामुर्धा कागद.

हे शब्द कुणी मनाने रचलेले नसतात. बीआयपी-३९ नावाच्या, २०१३ साली मांडलेल्या पद्धतीत २०४८ इंग्रजी शब्दांची ठरलेली यादी आहे आणि त्यातला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. बारा शब्दांच्या शेवटी पडताळणीचा छोटा भाग दडलेला असतो. त्यामुळे कुठलेही बारा शब्द एकत्र ठेवले तर सोळापैकी एकच जुळणी वैध निघते. एक शब्द गेला असेल आणि त्याची जागा माहीत असेल तर २०४८ शक्यतांतून साधारण १२८ उरतात. दोन गेले तर ४१,९४,३०४ मधून साधारण २,६२,१४४. साधा लॅपटॉप हे करतो. तीन शब्द गेले की ५३ कोटींच्या वर शक्यता उरतात, मग चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि भरपूर धीर हवा. चार गेले असतील तर घरी प्रयत्न करू नका.

२०१९ च्या पावसात माझं स्वतःचं पान भिजलं. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होतं, कौलातून गळती झाली. अकरावा शब्द पूर्ण गेला होता. सातव्याची पहिली तीन अक्षरं वाचता येत होती: डब्ल्यू, आय, एन. यादीत तशी सुरुवात असलेले सातच शब्द आहेत: विन, विंडो, वाइन, विंग, विंक, विनर, विंटर. (ते वॉलेट मी कधीच रिकामं केलं आहे, म्हणून उघड सांगतो. तुम्ही तुमचे शब्द कुणालाही सांगू नका.) सात गुणिले २०४८ म्हणजे १४,३३६, त्यातल्या वैध साधारण ८९६. काम काही मिनिटांचं. पण एकही जुळणी माझ्या पत्त्याशी जुळली नाही. आठ संध्याकाळी मी त्या दोन शब्दांवरच डोकं आपटत होतो.

धाकट्या भावाने ते पान खिडकीपाशी नेलं, उजेडात तिरकं धरलं आणि म्हणाला, “दादा, हा चौथा शब्द कॅश नाही. पेनाचा दाब बघ.” शाई उडाली होती, पण कागदावर उभ्या दांडीची खाच होती. सी नव्हता, डी होता. शब्द होता डॅश, आणि कॅशही यादीत असल्यामुळे मला शंकाच आली नव्हती. बदल केला आणि पुढच्या फेरीत जुळणी सापडली.

म्हणून माझं ठाम मत आहे की गेलेल्या शब्दांआधी वाचता येणाऱ्या शब्दांवर संशय घ्या. पान वाळू द्या, पण इस्त्री फिरवू नका, दाबाच्या खाचा सपाट होतात. मोबाइलचा टॉर्च बाजूने, जवळजवळ कागदाला समांतर धरा. प्रत्येक शब्द यादीशी ताडून पाहा. ऐकून लिहिलेला शब्द तर हमखास चुकतो. ‘तिथे’ अर्थाचा देअर यादीत आहे, ‘त्यांचा’ अर्थाचा नाही. शब्द सगळे आहेत पण क्रम विस्कटला आहे, असंही होतं. बारा शब्दांचे ४७,९०,०१,६०० क्रम होतात, त्यातले वैध सुमारे तीन कोटी. संगणक चालू ठेवून तेही निघतं. चोवीस शब्दांचा क्रम पूर्ण गेला तर निघत नाही.

शक्यता तपासायला मी बीटीसीरिकव्हर हा प्रोग्रॅम वापरतो. मुक्त स्रोत आहे, फुकट आहे. त्याला तुमचा एक जुना पत्ता लागतो, नाहीतर बरोबर जुळणी कोणती हे ते ओळखणार कसं? पत्ता आठवत नसेल तर ज्या एक्स्चेंजवरून नाणी काढली होती तिथला व्यवहारांचा इतिहास बघा, त्या वेळच्या ईमेल शोधा. प्रोग्रॅम उतरवून घेतला की वायफाय बंद करा आणि काम संपेपर्यंत सुरू करू नका.

जुळणी सापडली, शब्द नव्या ॲपमध्ये टाकले आणि शिल्लक शून्य दिसली. मी तेव्हा हताश होऊन खुर्चीत बसून राहिलो होतो. तुम्ही बसू नका. त्याच शब्दांतून पत्ते काढायचे वेगवेगळे मार्ग असतात. बिटकॉइनमध्ये ४४ क्रमांकाच्या मार्गाचे पत्ते १ ने सुरू होतात, ४९ चे ३ ने, ८४ चे बीसी१क्यू ने. माझं जुनं ॲप ४९ वापरायचं, नवं फक्त ८४ तपासत होतं. इलेक्ट्रम या बिटकॉइनच्या वॉलेटमध्ये शब्द टाकताना बीआयपी-३९ चा पर्याय निवडा आणि आधीची खाती शोधायचं बटण दाबा, ते नेहमीचे मार्ग बघतं. इलेक्ट्रमचे स्वतःचे बारा शब्द मात्र वेगळ्याच पद्धतीचे असतात, ते या हिशेबात बसत नाहीत. तरीही शून्यच असेल तर तुम्ही शब्दांवर वेगळी पासफ्रेज, म्हणजे स्वतः ठरवलेला जादा पासवर्ड, लावली होती का, ते आठवा. चुकीची पासफ्रेज चूक म्हणून कळत नाही, ती फक्त दुसरं, रिकामं वॉलेट उघडते.

कागदही नाही, यंत्रही नाही, कुठली फाइलही नाही, तर वॉलेट उघडत नाही. शक्यतांचा आकडा ३९ अंकी आहे. टेलिग्रामवर ‘आम्ही काढून देतो’ म्हणणारा माणूस आगाऊ फी घेईल, किंवा तुमचे उरलेले शब्द मागेल. दोन्ही देऊ नका. ‘वॉलेट पडताळा’ म्हणत शब्द टाइप करायला लावणारी पानं चोरीचीच असतात, आणि खऱ्या कंपनीचा मदतनीस शब्द कधीच विचारत नाही. वाळपईहून आलेल्या एका मुलाने नऊ शब्द असे देऊन टाकले होते. उरलेले तीन त्या चोराने स्वतःच शोधले. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

वॉलेट उघडलं की जुन्या शब्दांवर एक दिवसही थांबू नका. नवीन वॉलेट, नवीन शब्द, आधी थोडी रक्कम पाठवून बघा, पोचली की बाकीची. नवे शब्द तात्पुरते पेन्सिलीने लिहा, शिसं पाण्याने ओघळत नाही. मग हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनलेस स्टीलची छोटी पट्टी आणि अक्षरं ठोकायचे पंच आणा. शब्दाची पहिली चार अक्षरं ठोकली तरी पुरतात, बाजूला क्रमांकही ठोका. एक पट्टी घरी, दुसरी वेगळ्या गावात, विश्वासाच्या माणसाकडे. लॅमिनेशन करू नका: कडेतून दमटपणा आत शिरला की शाई आतल्या आत पसरते, आणि ते पान मग तिरकं धरून वाचताही येत नाही.