ऑक्टोपामीनवर काम करताय? मग या चुका टाळा

ऑक्टोपामीन हा कीटकांच्या चेतासंस्थेतला निरोप्या रेणू. 'ऑक्टोपामीन म्हणजे कीटकांचं ॲड्रेनलिन' हे वाक्य प्रोजेक्ट रिपोर्टच्या पहिल्या पानावर हमखास भेटतं. ते अगदीच खोटं नाही. रेणूची रचना नॉरॲड्रेनलिनशी मिळतीजुळती आहे आणि रिसेप्टरही (पेशीवरची निरोप झेलणारी प्रथिनं) त्याच घराण्यातले. पण पुढचा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण मग 'ऑक्टोपामीन वाढलं की किडा चवताळणार, उडणार, पळणार' हे धरूनच चाललं जातं.

टोळाचं बघा. त्याच्या उड्डाणाच्या स्नायूंना ऑक्टोपामीन पुरवणाऱ्या, गुच्छिकेच्या पाठीकडच्या मध्यरेषेवर असणाऱ्या डीयूएम चेतापेशी तो बसलेला असताना चालू असतात आणि तो उडू लागला की गप्प होतात! बसलेल्या टोळाच्या स्नायूत ऑक्टोपामीनमुळे फ्रुक्टोज 2,6-बिसफॉस्फेट वाढतं आणि साखर जाळण्याला जोर येतो. लांबच्या उड्डाणात स्नायूला चरबीवर चालायचं असतं, म्हणून तिथला हा नळ बंद होतो. गंमत म्हणजे उड्डाणाच्या पहिल्या काही मिनिटांत हिमोलिम्फमधलं (कीटकाच्या रक्तातलं) ऑक्टोपामीन मात्र वाढतं. एकाच किड्यात, एकाच वेळी, एका ठिकाणी कमी आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त. त्यामुळे अख्खा किडा वाटून काढलेल्या एका आकड्यावरून वर्तनाचा अर्थ लावायला जाऊ नका. निदान मेंदू, वक्षातली गुच्छिका (चेतापेशींचा गठ्ठा) आणि हिमोलिम्फ वेगवेगळे मोजा.

टायरामीन विसरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती अनुभवी मंडळीही करतात. टायरोसीनपासून टायरामीन बनतं आणि टायरामीन-बीटा-हायड्रॉक्सिलेज हे विकर त्याचं ऑक्टोपामीन करतं. फळमाशीत हे विकर निकामी केलं की ऑक्टोपामीन संपतं खरं, पण मागे टायरामीन तुंबतं, तेही जवळजवळ दहापट. या म्यूटंट अळ्या नीट रांगत नाहीत. दोष ऑक्टोपामीन नसल्याचा की टायरामीन जास्त झाल्याचा? टायरामीनचे रिसेप्टर अडवणारं योहिम्बीन खाऊ घातलं तर रांगणं काही प्रमाणात सुधारतं, म्हणजे दोष दोन्हीकडे वाटलेला आहे. याउलट याच म्यूटंट माद्यांची अंडी अडकून राहतात आणि ऑक्टोपामीन खाऊ घातलं की त्या पुन्हा अंडी घालू लागतात. तिथे निष्कर्ष सरळ आहे.

म्हणून असा म्यूटंट वापरताना ऑक्टोपामीन परत देऊन बघा आणि शक्य असेल तर दोन्ही रेणू नसलेला टीडीसी2 म्यूटंट (टायरोसीनचं टायरामीन करणारं विकरच निकामी असलेला) शेजारी ठेवा. टीडीसी2-गॅल4 (टीडीसी2 असलेल्या पेशी निवडण्याचं जनुकीय साधन) वापरून चेतापेशी पेटवल्या असतील तर 'ऑक्टोपामीनच्या चेतापेशी' असं बेधडक लिहू नका. त्या घोळक्यात नुसतं टायरामीन सोडणाऱ्या पेशीही असतात.

मोजमाप बिघडतं ते हाताळताना

कंट्रोल गटातच आकडे वर-खाली होत असतील तर यंत्राकडे बघण्याआधी स्वतःच्या हाताकडे बघा. पकडणं, चिमटा, गरम दिवा, यातल्या कशानेही हिमोलिम्फमधलं ऑक्टोपामीन वाढू शकतं. मेंदूसाठी किडा थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये जायला हवा, आणि सगळे नमुने दिवसाच्या एकाच वेळी घ्यायला हवेत. रातकिड्यांच्या झुंजीत तर हे डोळ्यांना दिसतं. हरलेला नर एरवी काही तास लढायचं टाळतो, पण त्याला उडवलं की पुन्हा भिडतो, आणि ऑक्टोपामीनचे रिसेप्टर अडवणारं एपिनॅस्टीन दिलं की हा परिणाम पुसला जातो. डब्यातून आखाड्यात ठेवताना नर हातातून निसटून फडफडला असेल तर त्या जोडीचा निकाल बाजूला काढा.

एचपीएलसीवर (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) ऑक्टोपामीनचं शिखर दिसत नसेल तर इलेक्ट्रोडचं व्होल्टेज तपासा. डोपामीनच्या कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट असतात, ऑक्टोपामीनच्या कड्यावर एकच. त्यामुळे त्याचं ऑक्सिडेशन व्हायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि डोपामीनसाठी जमवलेल्या सेटिंगवर ते सहज हरवतं. व्होल्टेज वाढवलं की पाठीमागचा गोंगाटही वाढतो, ते सोसावंच लागतं.

औषधांबाबत थोडक्यात. बाजारातली बाटली बहुतेक वेळा डीएल मिश्रणाची (रेणूच्या दोन आरसा-प्रतिमा एकत्र) असते आणि जोमाने काम करतो तो डी(−) प्रकार, म्हणून डोस लिहिताना कोणता प्रकार ते लिहा. ऑक्टोपामीनचे रिसेप्टर अडवायला वापरतात ते मायन्सेरीन सेरोटोनिनचे रिसेप्टरही अडवतं, तेव्हा एकट्या त्याच्या जिवावर दावा करू नका. रिसेप्टरही एकाच दिशेने ओढत नाहीत: फळमाशीत ऑक्टबीटा2 हा रिसेप्टर सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पुढे नेणारा रेणू) वाढवतो, तर ऑक्टबीटा1 हा रिसेप्टर चेता-स्नायू जोडावर वाढीला लगाम घालतो.

'ऑक्टोपामीन बक्षीस, डोपामीन शिक्षा'

हे समीकरण अजून वर्गांत शिकवलं जातं. त्याचं मूळ भक्कम आहे. 1993 मध्ये मधमाशीतली व्हीयूएमएमएक्स1 ही एकच चेतापेशी वासाच्या जोडीने उत्तेजित केली, आणि साखर न देताही माशी त्या वासाला सोंड बाहेर काढायला शिकली. पण 2012 मधल्या फळमाशीवरच्या कामातून दिसलं की बक्षिसाची खूण स्मृतिकेंद्रापर्यंत डोपामीनच्याच काही चेतापेशी पोचवतात, आणि ऑक्टोपामीन गोडीची बातमी त्यांच्याकडे देतं. तुमचा निकाल जुन्या समीकरणात बसत नसेल तर लगेच प्रयोगाला दोष देऊ नका.

मधमाश्यांवर काम करणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी: त्या पेटीत व्हॅरोआ माइटसाठी (मधमाशीवर जगणारा बारीक परजीवी) ॲमिट्राझ या माइटनाशकाच्या पट्ट्या लावल्या होत्या का? ॲमिट्राझ ऑक्टोपामीनच्या रिसेप्टरवरच बसतं. माइटच्या मानाने मधमाशीला त्याचा त्रास कमी, पण तिच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम झाल्याचं दिसलं आहे. पट्ट्या लावलेल्या पेटीतल्या माश्या उपचार गटात आणि न लावलेल्या पेटीतल्या कंट्रोल गटात गेल्या असतील तर नमुने पुन्हा गोळा करण्यावाचून इलाज नाही.